चार झोपाळ्यांची रोजनिशी

९ जानेवारी, गुरुवार

वाड्याचा मधला चौक मिळाला. २४ ते २७ तारखांना पेठेत कलाप्रदर्शन आहे, त्यातला हा कोपरा माझा. आयोजकांनी फोनवर तीन अटी सांगितल्या: टेक्नॉलॉजी हवी, आवाज हवा आणि ‘पब्लिकनं काहीतरी केलं पाहिजे’.

या तिसऱ्या अटीपाशी दरवेळी घोडं अडतं. नाटकांच्या ध्वनिसंयोजनातून वेळ काढून अशी कामं मी केली आहेत, इतरांची पाहिलीही आहेत. भिंतीला हात लावला की फूल उमलतं. जमिनीवर पाऊल टाकलं की मासे पळतात. माणूस एकदा करतो, दोनदा करतो, मग मोबाइल काढून फोटो घेतो आणि पुढे जातो. दाराची बेलसुद्धा बोट ठेवलं की वाजतेच, तिला कोणी कला म्हणत नाही.

मी झोपाळे सुचवले. कल्पना उसनी आहे, तसं अर्जातही लिहिलं होतं. २०११च्या वसंतात मॉन्ट्रियलमध्ये ‘डेली तू ले जूर’ या स्टुडिओनं, म्हणजे मूना आंद्राओस आणि मेलिसा मोंजिया या दोघींनी, शहराच्या मध्यवस्तीत रस्त्याकडेला २१ झोके ओळीनं टांगले. प्रत्येक झोक्याला स्वतःचे सूर. एकटे झुललात तर तेवढेच ऐकू येणार. शेजारच्याशी झोका जुळला तर मात्र एरवी न येणारी सुरावट येणार. रात्री फळ्यांखाली दिवे लागायचे. संगीत रदवान गाझी मूमने यांचं. आणि सल्लागार कोण, तर ल्यूक-आलँ जिराल्दो, प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक. थव्यातला कोणता पक्षी दाणे शोधतो आणि कोणता दुसऱ्यानं शोधलेलं आयतं खातो, हा त्यांचा विषय. झोक्यांच्या कामाला वाद्यतज्ज्ञाइतकाच असा माणूस लागतो हे त्या दोघींनी ओळखलं. त्यांच्या कामातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.


११ जानेवारी, शनिवार

सुतारमामा आले. वाड्याच्या मालकीणबाई, काकू, यांच्या ओटीवरचा सागवानी झोपाळा त्यांच्या सासऱ्यांच्या वेळचा आहे, पितळी कड्यांचा. तो चौकात येणार, बाकीचे तीन मामा करणार. त्यांनी आधी तुळया ठोकून पाहिल्या. मग म्हणाले, “ताई, टांगतो मी चारी. पण एका फळीवर दोनच माणसं. तिसरं बसवलंत तर मला फोन करायचा नाही.” कबूल.

माझा हट्ट एकच होता. चारही झोपाळ्यांच्या कड्या लांबीला तंतोतंत सारख्या हव्यात. मामांना ते पटेना. वाड्याच्या तुळया एका पातळीत नाहीत. कड्या सारख्या ठेवल्या तर फळ्या वर-खाली दिसणार आणि ते त्यांच्या हाताला शोभणार नाही. मग समजावून सांगितलं. झोक्याला किती वेळ लागतो हे कडीच्या लांबीवर ठरतं, बसणाऱ्याच्या वजनावर नाही. आठ फुटी कडी असेल तर पुढे जाऊन मागे यायला साधारण ३.१ सेकंद. मग त्यावर पहिलीतली पोरगी बसो नाहीतर शंभर किलोचे काका. शाळेत लंबकाचा प्रयोग म्हणून हे सगळ्यांनीच केलेलं असतं. इथे त्याचा उपयोग असा, की चार अनोळखी माणसांना एका लयीत आणण्याचं निम्मं काम झोपाळाच करतो. लय आधीच सारखी आहे. जुळवायचं ते एवढंच, की कुणी कधी निघायचं.

मामा म्हणाले, “मग फळी दोन बोटं वर राहील.” राहू दे.

जाताना तेलाची बाटली काढून जुन्या कड्यांना तेल घालायला निघाले, तेव्हा मी अक्षरशः धावले. ती करकरच तर हवी आहे. आकड्याला पिझोची चकती चिकटवली. बझरमध्ये असते तीच, पितळेची, रुपयाएवढी. हा हवेतला आवाज टिपणारा माइक नव्हे. धातू थरथरतो ते तिला कळतं. ती साध्या माइकच्या जागी नुसती खुपसली तर आवाज पत्र्यासारखा येतो, खालचे सूर गळून पडतात. तिला वेगळा प्रीअँप लागतो. तो जोडून हेडफोन लावला आणि काकूंना झोका घ्यायला सांगितला. ओटीवर उभं राहून जी नुसती करकर वाटते, तिच्या पोटात एक जाड, घोगरा, लांबत जाणारा स्वर आहे. पट्टी काळी दोनच्या आसपास. काकूंना हेडफोन दिला. म्हणाल्या, “अगं बाई, हा इतकी वर्षं असं म्हणत होता होय!”


१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. कामाला सुट्टी. दुपारभर अहमदाबादच्या टेप ऐकत बसले. तिथे आज पतंगांनी आभाळ दिसत नसेल.

१९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, एनआयडीत, इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. तो जुळवायला न्यूयॉर्कहून डेव्हिड ट्यूडर आले होते. मूग सिंथेसायझर आला. आपल्याकडे घरात यंत्र असलंच तर फार तर एक रेडिओ असायचा, तेव्हाची ही गोष्ट. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तिथे काम केलं. मग काही वर्षांत ते थांबलं आणि टेपची रिळं संस्थेच्या संग्रहात पडून राहिली. पॉल पर्गस या ब्रिटिश संगीतकाराला ती २०१७ मध्ये सापडली आणि २०२३ मध्ये त्यातलं निवडक प्रसिद्ध झालं.

ट्यूडर ज्या मंडळींतले होते, त्यांचं नाव ‘एक्सपेरिमेंट्स इन आर्ट अँड टेक्नॉलॉजी’. इंजिनिअर बिली क्ल्यूवर, चित्रकार रॉबर्ट राउशनबर्ग वगैरे. चित्रकारानं एकट्यानं इंजिनिअरिंग शिकायचं नाही आणि इंजिनिअरनं चित्रकाराचा हमाल व्हायचं नाही, दोघांनी मिळून तिसरं काही करायचं, असा त्यांचा खाक्या. अहमदाबादनंतर लगेच, १९७० मध्ये, ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी पेप्सीचा मंडप केला. बाहेर फुजिको नाकाया यांनी केलेलं खरं पाण्याचं धुकं. आत आरशाचा घुमट. प्रेक्षकाच्या हातात एक छोटं यंत्र, जमीन जागोजागी वेगळी, आणि ज्या भागावर उभे राहाल तिथला आवाज त्या यंत्रातून तुमच्या कानात. बाहेरच्या मोकळ्या जागेत रॉबर्ट ब्रीअर यांचे पांढरे घुमट, माणसाच्या उंचीचे, मुंगीच्या पावलांनी सरकणारे आणि कुणाला आपटले की दिशा बदलणारे. प्रेक्षकानं मंडपात काय ऐकायचं ते त्याच्या पायांनी ठरवायचं.

पुढे खर्चावरून वाजलं आणि कंपनीनं त्या मंडळींना कार्यक्रमातून बाजूला केलं. पंचावन्न वर्षं होत आली. आयोजक आणि कलाकार यांच्यातली फोनवरची भाषा फारशी बदललेली नसावी.


१७ जानेवारी, शुक्रवार

आज सेन्सर. बरोबरचा इंजिनिअर मुलगा हुशार आहे, झोपही कमी लागते त्याला. त्यानं फिरण्याचा वेग मोजणारी चिप, जायरोस्कोप, फळीखाली बसवली. झोका जोरात चाललाय आणि पडद्यावरची रेघ सपाट. चिप बदलली, वायर बदलली, तरी तेच. मग तो खाली पालथा पडून बघत राहिला आणि हसायला लागला. बागेतला दोन दोरांचा झोका वळतो, वर जाताना बूड तिरपं होतं. आपल्या झोपाळ्याला चार कोपऱ्यांना चार कड्या आणि वर चार आकडे. त्याची फळी पुढे जाते, मागे येते, पण सगळा वेळ जमिनीला समांतर. ती फिरतच नाही तर चिप काय मोजणार? फिरते ती कडी. म्हणूनच आजी झोपाळ्यावर बसून पानाचं तबक मांडीवर ठेवू शकायची आणि सुपारी सांडायची नाही. चिप काढून कडीवर, आकड्याच्या लगेच खाली, केबल टायनं आवळली. तिथे हालचाल थोडी, त्यामुळे वायरही तुटणार नाही. रेघ सुंदर डोलायला लागली.

दुसरी अडचण उशिराची. वायफायवरून आकडे पाठवले की मधेच अडखळतात. झोका टोकाला पोचतो आणि सूर मागाहून येतो. उशीर अगदी थोडा, पण शरीराला तो लगेच कळतो. एरवी ‘हे मी वाजवतोय’ असं वाटतं, तिथे ‘हे कुठेतरी वाजतंय’ असं वाटू लागतं. सगळा डोलारा त्या एका भावनेवर उभा असतो. म्हणून वायफाय रद्द, तुळईवरून वायर.

कॅनडाचे डेव्हिड रोकबी १९८०च्या दशकात ‘व्हेरी नर्व्हस सिस्टिम’ करत होते. रिकामी खोली, कॅमेरा, आणि तुम्ही हललात की आवाज. तेव्हाचा ॲपल टू संगणक मुंगीच्या गतीचा. त्यांनी चित्राचा नाद सोडला आणि स्वतः कॅमेरा बनवला, आठ बाय आठ, म्हणजे फक्त ६४ ठिपक्यांचा. त्यात चेहरा ओळखू येणार नाही, पण हालचाल तत्काळ कळेल. काय दिसतं यापेक्षा कधी दिसतं हे त्यांनी महत्त्वाचं मानलं. इंजिनिअरला ही गोष्ट सांगितली तर म्हणाला, “ताई, मग आपण एवढा महाग प्रोसेसर कशाला आणला?” उत्तर दिलं नाही.


२० जानेवारी, सोमवार

नियम लिहायला बसलो. माझ्या मते याच दिवशी काम घडतं. वायर, चिप, लाउडस्पीकर ही सगळी तयारी.

राफाएल लोझानो-हेमर यांची दोन कामं मी नेहमी समोर ठेवते. मेक्सिकोत जन्मलेले, मॉन्ट्रियलला राहणारे. ‘पल्स रूम’, २००६. खोलीभर लोंबणारे शेकडो साधे पिवळे बल्ब. टोकाला एक यंत्र, ते दोन्ही हातांनी धरलं की तुमच्या नाडीच्या ठोक्यावर पहिला बल्ब उघडझाप करतो. हात सोडलात की तुमची नाडी रांगेत शिरते आणि आधीच्या सगळ्यांना एकेक बल्ब पुढे ढकलते. रांगेच्या टोकाला जो सगळ्यात जुना असतो, तो जातो. नियम एवढाच, कागदाच्या चिठोऱ्यावर मावेल असा. पण खोलीत उभं राहिलं की आपण कुणाच्या तरी जागी आलोय आणि कुणीतरी आपल्याही जागी येणार आहे, हे कुणी न सांगता कळतं.

दुसरं ‘बॉर्डर ट्यूनर’, नोव्हेंबर २०१९. अमेरिकेचं एल पासो आणि मेक्सिकोचं सिउदाद हुआरेस, एकमेकांना चिकटलेली शहरं, मधे सरहद्द. दोन्ही बाजूंना तीन-तीन ठाणी. प्रत्येक ठाण्यावर माइक, लाउडस्पीकर आणि एक मोठी गोल मूठ, जुन्या रेडिओला स्टेशन लावायला असते तशी. मूठ फिरवली की जवळच्या प्रखर झोतांचा मिळून एक हात आभाळात फिरतो. पलीकडेही कुणीतरी आपला हात फिरवत असतो. दोन झोत आभाळात एकमेकांना छेदले की त्या दोन ठाण्यांत बोलण्याची वाट उघडते. झोत हलला की वाट बंद.

यात विलक्षण काय, तर एकट्याला काहीच करता येत नाही. कितीही पैसे, कितीही उत्साह असो, पलीकडे दुसरा माणूस मूठ धरून उभा असला पाहिजे आणि त्यालाही तुमच्याशी बोलायचं असलं पाहिजे. मोठ्या शहरांत तिकीट लावून चालणाऱ्या त्या प्रकाशाच्या खोल्या पाहा. चारी भिंतींवर फुलं, धबधबे, शेकडो माणसं, आणि प्रत्येकजण एकटा. शेजारचा फक्त फोटोत मधे येतो. डोळे दिपतात, नाकारत नाही. पण तिथल्या यंत्रांना फक्त माणूस आणि भिंत यांच्यातलं कळतं, माणूस आणि माणूस यांच्यातलं नाही.

आमचा नियम: प्रत्येक झोपाळ्याला तानपुऱ्याची एक तार. पहिला पंचम, मधले दोन जोडीचे, शेवटचा खर्ज. चारही स्वर त्या जुन्या कडीच्या करकरीतून काढलेले, ताणून, सुरात आणून. एकटा झुललात तर तुमची तार, कोरडी. दोन झोके एकाच वेळी टोकाला पोचले तर दोन्ही तारांवर जवारी चढते, आवाज खुलतो. तीन जुळले तर आणखी. चारही जुळले तर चौकाच्या चार कोपऱ्यांतले लाउडस्पीकर एकदम जागे होतात.

इंजिनिअरनं विचारलं, पाटी लावायची का? मी नको म्हटलं. आयोजक हवी म्हणतात.


२३ जानेवारी, गुरुवार

चाचणी. वाड्यात अजून भाडेकरू राहतात आणि दुपारी दोन ते चार हा पेठेतला पवित्र काळ. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा कायद्यातच आहे. चौकात मीटर धरला तर बाहेरच्या रस्त्याच्या हॉर्ननंच काटा त्याच्या वर. तरी लाउडस्पीकर लहान केले, भिंतीकडून आत वळवले. खर्ज भिंतीतून जातो, त्याला इलाज नाही. पहिल्या मजल्यावरचे आजोबा खाली येऊन म्हणाले, “बाई, कपाटातल्या वाट्या वाजतायत.” खर्ज थोडा उतरवला.

पाटीवर तडजोड. एकच ओळ लिहिली: बसा.


२४ जानेवारी, शुक्रवार

उद्घाटन. भाषणं झाली, नारळ फुटला, मग गर्दी चौकात आली आणि कोणी बसेना! सगळे भिंतीला टेकून दुसऱ्या कोणी बसायची वाट बघत. पुरुष तर विशेष. पन्नाशीतल्या माणसाला चारचौघांत झोपाळ्यावर बसायला निमित्त लागतं, एखादं लहान मूल कडेवर लागतं. शेवटी कोणाची तरी नात धावत येऊन बसली आणि आजोबा ‘पडेल ती’ म्हणत शेजारी टेकले. मग जागा रिकामी मिळेना.

२००५ साली मुंबईत जीपीओच्या चौकात अशोक सुकुमारन यांनी हातानं फिरवायची एक मूठ बसवली होती. ती फिरवली की चौकाभोवतीच्या इमारतींवरून दिव्यांचा पट्टा सरकायचा. ज्यांनी कधी कलादालनाची पायरी चढली नसेल अशा माणसांनी रस्त्यात थांबून ती फिरवावी, ही त्यातली गंमत. दालनात आलेला माणूस सावध असतो. रस्त्यावरच्याला गमावण्यासारखं काही नसतं. आज दार उघडं ठेवलं तेव्हा एक कुरिअरवाला पोरगा पाकीट द्यायला आत आला, सही घेता घेता खर्जाच्या फळीवर बसला आणि बराच वेळ बसून राहिला. त्याचा फोन वाजत होता.

एक कलासमीक्षक आले होते. म्हणाले, सहभाग म्हणजे हात-पाय हलवणंच असतं का? प्रश्न बरोबर आहे. मुंबईच्या शिल्पा गुप्तांचं ‘फॉर, इन युअर टंग, आय कॅनॉट फिट’ मी कोचीच्या २०१८च्या बिएनालेत पाहिलं होतं. अंधारी खोली. छतापासून लोंबणारे १०० माइक आणि प्रत्येकाखाली लोखंडी सळईवर खोचलेला एक कागद. निरनिराळ्या शतकांतले, निरनिराळ्या भाषांतले १०० कवी, सगळे लिहिण्यापायी किंवा आपल्या राजकीय मतांपायी तुरुंगात गेलेले. माइकची जोडणी उलटी केलेली, त्यामुळे ज्यात बोलायचं त्यातूनच आवाज येतो. एक जण ओळ म्हणतो, बाकीचे माइक समूहानं ती पुन्हा म्हणतात. तिथे हात लावायला काही नाही. पण आपण सळयांमधून वाट काढत आवाजाच्या मागे जातो, तो दुसरीकडून येतो, आपण वळतो. कोणाच्या जवळ उभं राहायचं हे आपल्याला ठरवावं लागतं. मला तो सहभाग वाटला. समीक्षकांना हे सांगितलं, पण तोवर ते झोपाळ्यावर बसले होते आणि त्यांना शेजारच्या बाईंशी झोका जुळवायचा होता.


२५ जानेवारी, शनिवार

संध्याकाळी जवळच्या ढोल-ताशा पथकातली पोरं आली. आठ-दहा जण, त्यात तीन मुली. काल दिवसभरात कोणालाही चार झोके जुळवता आले नव्हते. दोन जुळायचे, तिसरा सुटायचा. या पोरांनी आधी उभं राहून नुसतं पाहिलं. मग चौघं बसले, ताशावाली मुलगी मधे उभी राहिली आणि तिनं हात वर करून मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, सोड! पहिल्याच झटक्यात चारही जुळले. चौक दणाणला. वरच्या आजोबांच्या वाट्यांचं काय झालं असेल कोण जाणे.

त्यातल्या एकानं चेव येऊन उंच झोका घ्यायला सुरुवात केली आणि हळूहळू मागे पडत गेला. उंच झोक्याला किंचित जास्त वेळ लागतो, थोडं थोडं करून अंतर वाढतं. बाकीचे त्याला शिव्या घालत होते, तो म्हणत होता मी ठेक्यातच आहे. दोघांचंही खरं. शेवटी मुलीनंच ओळखलं. “उंची कमी कर रे, म्हणजे येशील.” अकरावीतली असेल.

मग त्यांनी पुन्हा जुळवलं. पुन्हा दणाणलं. तिसऱ्यांदा जुळलं तेव्हा एक जण मोबाइल बघत होता. चौथ्यांदा ते उठून वडापाव खायला गेले.

हे बरं झालं. आमच्या नियमात एकच बक्षीस होतं आणि ते हाताला लागलं की पुढे करण्यासारखं उरत नव्हतं. माणसांनी एकत्र यावं म्हणून नियम केला, पण एकत्र म्हणजे एकाच वेळी, एवढंच त्यात धरलं होतं. कवायतीच्या मैदानाला ते पुरतं.

रात्री इंजिनिअरला घरी जाऊ दिलं नाही. तानपुऱ्याच्या तारा कोणी एकदम छेडत नाही. एकीमागून एक छेडतात, आधीची विरायच्या आत पुढची. एक आवर्तन चार तारांचं. आमचा झोका ३.१ सेकंदांचा, त्याचे चार भाग केले तर प्रत्येक तार पाऊण सेकंदाच्या अंतरानं येते. म्हणजे जवळजवळ तानपुऱ्याचीच चाल! कड्यांची लांबी ठरवताना हे मनात नव्हतं, तो वाड्याच्या तुळयांचा गुण. नवा नियम घातला: झोके एकामागून एक, समान अंतरानं टोकाला आले तर जवारी चढेल, स्वर लांबतील, आणि आवर्तन जितकं टिकेल तितका आवाज भरत जाईल. एकदम जुळण्याचा दणका ठेवला, पण निम्म्यावर आणला.


२६ जानेवारी, रविवार

सकाळी झेंडावंदन करून लोक थेट इकडेच आले. रांग वाड्याबाहेर. जुन्या झोपाळ्याची पिझो चकती उन्हानं सुटली. एम-सील लावून दाबून धरून उभी राहिले, तेवढ्यात एका बाईंनी मला वायरमन समजून घरचा पंखा का गुणगुणतो ते विचारलं. बेअरिंग गेलं असणार, सांगितलं.

नवा नियम कोणालाच जमेना. एकदम सुरू करणं सोपं, कुणीतरी मोजतं. पाव-पाव अंतर राखायचं तर दुसऱ्याचा झोका बघत आपला सोडायचा, आणि मग आपल्या घाईला आवर घालायचा. दुपारपर्यंत आवर्तन एक-दोनदा उमटलं आणि मोडलं. आयोजकांचा चेहरा पडला होता. “काल भारी वाजत होतं,” म्हणाले.

चार वाजता काकूंचं हळदीकुंकू. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कुठलाही दिवस चालतो, पण त्यांनी आजचाच धरला. पंचवीसेक बायका, वाणाच्या डब्या, अत्तर, तिळगूळ. ओटीवर जागा संपली तेव्हा बऱ्याच जणी झोपाळ्यांवर येऊन बसल्या, फळीवर दोघी-दोघी. कोणाला काही वाजवायचं नव्हतं. कुणाची सून, कुणाचा गुडघा, कुठल्या भाजीवाल्याकडे मटार स्वस्त. बोलताना पायानं हलका रेटा द्यायचा, समोरचीचं ऐकताना थांबायचं, ती थांबली की आपण सुरू करायचं. बोलण्यात जशी पाळी लावून बोलतात तशी पायांनाही सवय असावी. आणि तानपुरा लागला. पंचम, जोड, जोड, खर्ज. मोडला. पुन्हा लागला. इंजिनिअर लॅपटॉपवरून मान वर करून माझ्याकडे बघायला लागला, मी त्याला खुणेनं गप्प बसवलं.

एका आजींनी तेवढ्यात सुरात सूर मिसळून काहीतरी गुणगुणायला सुरुवात केली, गाणं शिकलेल्या असाव्यात. मग थांबून शेजारणीला म्हणाल्या, “रेटा देऊ नकोस गं एवढा, पंचम पुढे पळतोय.” शेजारणीनं पाय उचलला. खर्जावरच्या दोघी बोलायच्या थांबल्या आणि आपला पाय नीट बघून टाकायला लागल्या. आता ते आपोआप होत नव्हतं, त्या वाजवत होत्या. काकू वाणं द्यायचं विसरल्या. चुलीवरचं, म्हणजे गॅसवरचं, दूध उतू गेलं ते वेगळंच.


२७ जानेवारी, सोमवार

शेवटचा दिवस, गर्दी कमी. आयोजकांना आकडा हवा होता, किती लोकांनी ‘वापरलं’. संगणकात झोक्यांची नोंद आहे, माणसांची नाही, आणि एका फळीवर दोघं बसतात. तसं सांगितलं. त्यांनी अंदाजानं काहीतरी लिहून घेतलं.

मॅक्स न्यूहाउस या माणसाचा मला हेवा वाटतो. १९७७ साली त्यानं न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये पादचाऱ्यांच्या बेटावरच्या लोखंडी जाळीखाली एक यंत्र बसवलं. त्यातून घंटेच्या विरत्या नादासारखा आवाज येत राहतो. पाटी नाही, नाव नाही. बहुतेकांना वाटतं, खालच्या भुयारी रेल्वेचं काहीतरी असेल. १९९२ ला ते बंद झालं, २००२ मध्ये पुन्हा सुरू झालं. लाखो माणसं त्यावरून चालत जातात आणि कोणीतरी एखादा थांबतो. त्याला कोणी आकडा मागितला असता तर त्यानं काय सांगितलं असतं?

मामा झोपाळे उतरवायला आले. काकूंनी त्यांचा जुना परत ओटीवर टांगायला सांगितला आणि नव्यातला एक विकत मागितला. पिझो काढू का विचारलं तर म्हणाल्या, राहू दे, नातवाला त्या प्रीअँपच्या डबीसकट हवंय.


३१ जानेवारी, शुक्रवार

एका मॉलकडून विचारणा. व्हिडिओ पाहिला म्हणे, फार आवडला. चारही झोपाळे मुख्य दालनात, पण एका वेळी एकच माणूस, तीन मिनिटं, क्यूआर कोड स्कॅन करून. बाकीचे तीन रांगेतल्यांसाठी मोकळे ठेवायचे नाहीत, तिथे कुंड्या येतील. विम्याचा प्रश्न आहे.

मी कळवलं की एका माणसावर हे चालत नाही. यात बिघाड काही नाही, ते तसंच केलेलं आहे. कमीत कमी दोन झोपाळे एकाच वेळी सुरू हवेत, शक्यतो अनोळखी माणसांचे, आणि वेळेची मर्यादा नको. तिथे तुळया नसतील, तर लोखंडी चौकट मामांकडूनच करून घेईन, कड्या आठ फुटीच.

तासाभरात उत्तर आलं. दोन झोपाळे घेतले तर रक्कम निम्मी होईल ना, आणि दोन्हीचा आवाज सेल्फी काढताना आपोआप बंद होईल असं काही करता येईल का?